बाबाचा चौकोन

जुईनं पाण्यावर बोट ठेवलं आणि आवाज आला नाही.

मी ओट्यापाशी पाठमोरी उभी होते, हात कणकेत होते, तरी मला ते कळलं. आमच्या घरात आवाज झाला तर कुणी वळून बघायचं नाही. नाही झाला की मी वळायचे. जुई डायनिंग टेबलापाशी चवड्यांवर उभी होती. टॅब नेहमीच्या जागी, स्टँडवर. तिचं बोट फुलपात्राच्या चित्रावर होतं. तिनं ते उचललं, फ्रॉकला पुसलं आणि परत तिथंच ठेवलं.

"आवाज गेला का गं त्याचा?" आई म्हणाल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या खुर्चीवर बसून गवार मोडत होत्या.

मी हात धुऊन आले. आवाजाचं बटण पाहिलं, पूर्ण होतं. पाण्यावर मी स्वतः बोट दाबलं. दाबलं की चौकोन जरासा पिवळा व्हायचा आणि आईंच्या आवाजात 'पाणी दे' असं ऐकू यायचं. चौकोन पिवळा झाला नाही. भात दाबला, झोका दाबला. चित्रं सगळी जागच्या जागी होती, स्वच्छ, रंगीत. भिंतीवरच्या कॅलेंडरला बोट लावावं तसं वाटत होतं.

"चार्जिंग संपलं असेल."

"आहे, आई."

"मग बंद करून चालू कर. आमच्या वेळेला रेडिओच्या पाठीत एक धपाटा घातला की गायला लागायचा."

मी बंद करून चालू केला. जुई माझ्या हातांकडे बघत होती. ती डोळ्यांकडे कुणाच्याच बघायची नाही, हातांकडे बघायची. पान परत उघडलं तशी ती पुढं झाली आणि वरच्या ओळीपासून तिनं सुरुवात केली. पाणी. भात. झोका. आजी. प्रत्येक चौकोन दाबायची आणि थांबायची. हे थांबणं तिला स्पीच थेरपीच्या शेंडे मॅडमनी शिकवलं होतं, फार कष्टानं. दाबायचं, मग थांबायचं, कुणीतरी येतंच. ती इतक्या शहाण्यासारखी थांबत होती की मला तिचा हात धरून बाजूला न्यावंसं वाटलं. पण मी मूर्खासारखी टॅबच्या मागे काही सैल झालंय का ते चाचपत बसले.

तेवढ्यात तिनं शूचं चित्र दाबलं. आणि तिथंही ती थांबली.

मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. फरशीवर ओल पसरली. वर्षभरात असं एकदाही झालं नव्हतं. ती रडली नाही. तिनं खाली पाहिलं, मग टॅबकडे पाहिलं.

"असू दे, असू दे," आई गवारीचं ताट बाजूला ठेवून उठल्या. "फरशीच आहे, पुसली जाते. सोन्याची थोडीच आहे?"

जुई तेव्हा पाच वर्षांची होती आणि बोलत नव्हती. ऑटिझम हा शब्द आम्ही ती अडीच वर्षांची असताना पहिल्यांदा ऐकला. तिला जे काही म्हणायचं असेल ते ती त्या पानावरून म्हणायची. टॅब उघडला की ते एकच पान समोर येई. त्यावर चित्रांचे चौकोन होते, आणि प्रत्येक चौकोन म्हणजे एक लिंक. बोट लावलं की घरातल्या कुणाच्या तरी आवाजात तो शब्द वाजायचा. शब्द तिचा, आवाज आमचा.

मी तिला धुऊन, कपडे बदलून बाहेर आणलं. ओला फ्रॉक बादलीत टाकून परत येते तर स्टँड रिकामा. टॅब चपलांच्या रॅकमध्ये होता, खालच्या फळीवर, पालथा. फुटलेला चेंडू, मोडका खडू, ज्याच्याशी तिचं काम संपलं ते सगळं जुई तिथं नेऊन ठेवायची. मोडका खडू आम्ही नंतर कितीदा तरी नवा करून हातात दिला होता. तिनं परत घेतला नव्हता.

हे मला सांगून ठेवलेलं होतं. पोवई नाक्यावरच्या त्या छोट्या क्लिनिकमध्ये शेंडे मॅडम पहिल्याच महिन्यात म्हणाल्या होत्या, "शलाका, एक गोष्ट जपायची. तिचा शब्द मुका पडू द्यायचा नाही. दाबलं की काहीतरी झालंच पाहिजे. नाही झालं तर ही मुलं भांडत नाहीत गं. सोडून देतात."

"परत नाही शिकवता येत?"

"येतं. पण परत विश्वास ठेवायचा की नाही, ते तिचं ती ठरवते. आपण नाही."

तेव्हापासून मी त्या टॅबला जितकं जपलं तितकं स्वतःच्या मंगळसूत्रालाही जपलं नसेन. काच, कव्हर, चार्जर, सगळ्यांवर माझी नजर. चार्जरसुद्धा दोन ठेवले होते.

"केदारला लाव फोन," आई फडका पिळत म्हणाल्या. "त्यानंच केलंय ना ते."

आम्ही दोघांनी केलं होतं. केदार, माझा नवरा, आणि मी साताऱ्यातच एका वर्गात बी.सी.एस. शिकलो. मी पुढं एका छोट्या कंपनीत वेबसाइट बनवायचे, जुईचं कळल्यावर सोडलं. केदार हुशार, पण घाईचा. प्रोग्रॅममध्ये सगळ्या गोष्टींना मराठी नावं द्यायची त्याची खोड होती. एकाचं नाव कांदा, एकाचं बटाटा. प्रॅक्टिकलचे सर म्हणायचे, "केदारराव, कॉम्प्युटर लॅब आहे ही. मंडई नव्हे." जुईचं पान आम्ही रात्रंदिवस एक करून बनवलं. सगळ्यांचे आवाज घेतले. 'भात' म्हणायला आईंना बसवलं तर त्या म्हणाल्या, "भात वाढा गं माझ्या बाईला, मऊ मऊ, तूप घालून." केदार म्हणाला, "आई, फक्त भात म्हण." त्या म्हणाल्या, "नुसता भात कोण खातं?" तेच ठेवलं. मग चहाचा पण चौकोन पाहिजे म्हणून हटून बसल्या. "पोरीला चहा?" म्हटलं तर म्हणे, "तिला नको. तिनं माझ्यासाठी मागायला पाहिजे की नाही, आजीला चहा टाक म्हणून?" तोही ठेवला. जुईनं तो कधीच दाबला नाही.

बाबाचा चौकोन मात्र केदारनं एकट्यानं केला. कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी हैदराबादला पाठवलं, त्याच्या आदल्या रविवारी. त्याचा फोटो, हेल्मेट नुकतंच काढलेलं, केस चिकटलेले. आणि त्या फोटोमागे आवाज नव्हता, व्हिडिओ कॉलची लिंक होती. बोट लावलं की थेट त्याचा फोन वाजायचा. "म्हणजे तिला मला बोलावता येईल," तो म्हणाला होता.

सुरुवातीला तो मीटिंगमध्येसुद्धा उचलायचा. फोन टेबलाखाली धरायचा, आम्हाला त्याची नुसती हनुवटी दिसायची. जुई पडद्यावर तळवा ठेवायची, बरोबर त्याच्या चेहऱ्यावर. मग तो म्हणाला, दुपारी नको. मग म्हणाला, मीच करत जाईन. पण जुईला दुपार काय आणि संध्याकाळ काय. ती दाबायची, रिंग जात राहायची, ती त्या रिंगच्या तालावर डुलत उभी राहायची, रिंग बंद पडली की परत दाबायची. मी तिला बाजूला न्यायचे आणि स्वतःला सांगायचे, नवीन जागा आहे, काम असेल. पण मला बघायची सवय आहे, ऐकायची सवय आहे. कधीतरी तो 'आपल्याकडे' म्हणायचा थांबला होता. "तुमच्याकडे लाइट असते ना हल्ली?" असं विचारायचा. मी ऐकलं होतं. बोलले नव्हते.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. लगेच मेसेज आला: मीटिंगमध्ये आहे.

"नाही उचलत," मी म्हणाले.

"मग तू बघ. तू काय त्याच्यापेक्षा कमी शिकली आहेस?"

मी लॅपटॉप उघडला. आई जुईजवळ जमिनीवर बसल्या. जुई कोपऱ्यात पडद्याची दोरी बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. मी पानाची फाइल वरपासून वाचायला घेतली. ही फाइल मला पाठ होती. त्यामुळे शेवटाला आल्यावर लगेच दिसलं. तळाशी काही ओळी होत्या ज्या मी लिहिल्या नव्हत्या.

"व्हायरस म्हणतात तो आहे का?" आईंनी विचारलं.

"बघते."

त्या ओळी काय करत होत्या ते सांगायला सोपं आहे. पानावरच्या लिंका गोळा करायच्या आणि कुणी बोट लावलं की त्या लिंकेला तिचं काम करू द्यायचं नाही. चित्र दिसत राहणार, बोट लागत राहणार, पुढं काही होणार नाही. पहिल्यांदा मला बरंच वाटलं. टॅब बिघडला नव्हता, काही जळलं नव्हतं. एवढ्या ओळी काढल्या की सगळं पूर्वीसारखं. काढायच्या म्हणून मी त्या निवडल्या, आणि मग त्यांचं नाव वाचलं. प्रत्येक तुकड्याला नाव द्यावं लागतं. याचं नाव होतं बाबाबंद. इंग्रजी अक्षरांत, सलग. आणि त्याच्या वर, स्वतःला आठवण राहावी म्हणून लिहितात तशी एक ओळ: तात्पुरतं.

पासवर्ड दोघांकडेच होता.

मी ती ओळ परत परत वाचली. त्याला फक्त स्वतःचा चौकोन बंद करायचा होता. त्यासाठी त्या एका चौकोनाचा पत्ता द्यायला हवा होता, आणि तोच द्यायचा राहिला होता. त्यामुळे हुकूम पानावरच्या सगळ्याच लिंकांना लागू झाला. पाण्याला, भाताला, शूला. केदारची ही जुनी खोड, लिहायचं आणि तपासायचं नाही. पण एवढ्या वेळी पान नुसतं उघडून पाहिलं असतं तरी त्याला कळलं असतं. उघडलं असतं तर त्याचा स्वतःचा फोटो समोर आला असता. बहुतेक तेच त्याला नको होतं.

"सापडलं?" आईंनी विचारलं.

"सापडलं."

"कशानं झालं?"

"केदारनं काल काहीतरी बदललंय."

"सुधारायला गेला असेल."

"हो."

आई माझ्याकडे बघत राहिल्या. "शलाका, जन्मभर पहिलीचा वर्ग घेतलाय मी. पोरं खोटं बोलतात ना, तेव्हा 'हो' फार पटकन म्हणतात."

मग मी सांगितलं. "त्यानं स्वतःचा चौकोन बंद केलाय. जुईचा फोन जाऊ नये म्हणून. चुकून सगळेच झाले."

त्या हाताचा आधार घेऊन उठल्या, साडीला हात पुसले, स्वतःचा फोन आणला आणि नंबर लावून टेबलाच्या मधोमध ठेवला, स्पीकरवर.

"माझा उचलेल," त्या म्हणाल्या. "मला बीपी आहे."

दुसऱ्या रिंगला त्यानं उचलला. "आई? काय झालं? बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. शलाका बोलतेय."

त्याच्या मागे ऑफिसातले आवाज येत होते, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.

"केदार, पान बंद आहे," मी म्हणाले. "सगळं पान."

"सगळं म्हणजे?"

"पाणी, भात, शू. सकाळपासून काहीच वाजत नाही."

"असं कसं होईल? मी तर फक्त..."

"काय फक्त?"

"मला एकच बंद करायची होती गं."

"पत्ता द्यायचा राहिलाय तुझा. सगळ्यांना लागलंय ते."

"अरे देवा. थांब, आत्ता करतो." कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"हात लावू नकोस. बाकीच्या मी सुरू करते. त्या एकीचं काय करू ते सांग."

टकटक थांबली. खुर्ची सरकल्याचा आवाज, मग दाराचा. मागचं हसणं बंद झालं.

"परवा क्लायंटसमोर माझी स्क्रीन लावलेली होती," तो म्हणाला. "तिचा कॉल आला. मोठा फोटो, सगळ्या हॉलला दिसला. एक जण म्हणाला, किती गोड आहे, मुलगी का तुमची?"

"मग?"

पलीकडे लिफ्टचं दार उघडून मिटलं.

"मग काय म्हणालास, केदार?"

"भाची आहे म्हणालो."

आईंनी ताटातली गवारीची एक शेंग उचलली होती. ती त्यांच्या हातात तशीच राहिली. जुई दोरी गुंडाळत होती, सोडत होती. फोनमधला आवाज तिच्या ओळखीचा होता, पण तो टेबलावरून येत होता, टॅबमधून नाही. तिनं एकदा मान तिरकी केली आणि परत दोरीकडे वळली.

"तिथं कुणी आहे का?" मी विचारलं.

"नाही. आईची शपथ, नाही. कुणी असती तर सांगायला सोपं गेलं असतं."

"मग सांगायचंय काय?"

"मी परत येणार नाही, शलाका. दोन वर्षं संपली तरी नाही. मला ते घर जमत नाही. ती बोलत नाही, नुसती बघते. तुम्ही दोघी माझ्याकडं बघता, मी आता काय करीन म्हणून. फोन वाजला की मी तो पालथा ठेवतो. इथं कुणाला काही माहीत नाही, तर मी माणसासारखा जेवतो तरी."

मला वाटलं होतं की हे वाक्य कधी ऐकलं तर मी किंचाळेन. पण माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. जुईची जेवायची वेळ झाली होती आणि तिनं भात मागितला नव्हता.

"तिला काय सांगू?"

"तिला कळत नाही गं अजून."

"कळत नसतं तर बंद कशाला केलीस?"

पलीकडे त्याची पावलं एकदा गेली, परत आली.

"मॅडम म्हणतात, शब्दाला उत्तर लागतं," मी म्हणाले. "तुझ्या आवाजात पाठव. 'बाबा येणार नाही', एवढंच. मी त्या फोटोमागे लावते. तिनं दाबलं की ते वाजेल."

"तेवढं नको मागूस."

"का?"

"ते रोज वाजेल."

"हो. रोज वाजेल."

"मला नाही जमणार," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. जुईच्या जन्माच्या दिवशी हॉस्पिटलच्या जिन्यात फुटला होता तसाच. मला त्याची कीव यायला नको होती, पण आली.

"केदार," आई म्हणाल्या.

"हां, आई."

"दिवाळीनंतर मला तिकडं न्यायचं म्हणत होतास."

"हो. ये ना तू. मी तिकीट काढतो, आई, तू आलीस की..."

"मी येत नाही. एवढंच सांगायचं होतं. वेळेवर जेवत जा."

आईंना फोन बंद करता यायचा नाही. बोलणं झालं की त्या मला फोन द्यायच्या आणि मी बंद करायचे. त्या दिवशी त्यांनी चष्मा वर सारला, लाल गोल शोधला आणि त्यावर अंगठा दाबला. मग गवारीचं ताट पुढं ओढून बसल्या. शेंगा सगळ्या मोडून झाल्या होत्या. मोडलेल्याच त्या आणखी बारीक मोडत राहिल्या.

मी लॅपटॉपकडे वळले. त्या ओळी काढायला वेळ लागला नाही. पान परत उघडून मी एकेक चौकोन दाबून पाहिला. पाणी वाजलं, झोका वाजला, आईंचा मऊ मऊ भात वाजला. बाबाच्या फोटोमागची कॉलची लिंक मी काढली. फोटो काढला नाही. फोटो गेला तर ती तो शोधत बसेल, आणि शोधायला सुरुवात केली की ती थांबत नाही, हे मला माहीत होतं. आता तिथं आवाज हवा होता.

"मी म्हणू का?" आई म्हणाल्या. "माझा लेक आहे. माझ्या आवाजात असू दे."

मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी घसा खाकरला, तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं. मग मान हलवली आणि स्वयंपाकघरात गेल्या.

शेवटी मीच म्हणाले. 'बाबा येणार नाही' असं म्हणून पाहिलं, तर ते माझं म्हणणं होतं, त्याचं नव्हतं. माझ्या तोंडून तिला ते ऐकवायचं नव्हतं. 'बाबा नाही' म्हणून पाहिलं. तेही पुसून टाकलं. मग फक्त 'बाबा' म्हणाले. निदान तो शब्द तरी तिच्याजवळ राहील. तिला कधी त्याच्याविषयी काही म्हणावंसं वाटलं तर.

टॅब चपलांच्या रॅकमधून काढून, पुसून मी स्टँडवर ठेवला. जुई आली नाही. मी भात वाढला, तिनं खाल्ला, मागितल्याशिवाय. पाणी पुढं केलं, प्यायली. टॅबवरून तिची नजर भिंतीवरून फिरावी तशी फिरत होती. मी 'पाणी' दाबून दाखवलं, आवाज झाला. तिनं कानांवर हात ठेवले. झोक्याचं चित्र दाबून मी तिला गॅलरीतल्या झोक्यावर नेऊन बसवलं. ती उतरली आणि कोपऱ्यात दोरीकडे गेली.

शेंडे मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "आज काही मागू नकोस तिच्याकडून. तुम्ही वापरा. तिला बघू दे."

तेव्हा आईंनी नाटक सुरू केलं. त्या टेबलापाशी जाऊन ताठ उभ्या राहिल्या, शाळेत बाई उभ्या राहतात तशा, आणि चहाचा चौकोन दाबला. त्यांचाच आवाज आला, "चहा टाक गं, आलं घालून."

"कोण बोललं?" त्या मला म्हणाल्या. "मला चहा पाहिजे असं कुणाला कळलं?"

मी चहा टाकला. त्यांनी बशीत ओतून, फुर्र करत प्यायला. थोड्या वेळानं परत दाबला. मी परत टाकला. दुपार उतरेपर्यंत त्यांनी इतका चहा घेतला की मी म्हणाले, "आई, बीपी."

"गप. वर्ग चालू आहे."

आणि कधीतरी, उन्हं गॅलरीतून आत आल्यावर, जुईनं दोरी सोडली. ती टेबलाला वळसा घालून आली. हात पुढं केला, मागे घेतला. मग तिनं चहाचा चौकोन दाबला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि थांबली.

मी जवळजवळ धावतच बशी आणली. तिनं जीभ लावली आणि तोंड असं केलं की आई हसायला लागल्या, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागल्या. "बघ, बघ. म्हातारीच्या शब्दाला पण किंमत आहे."

मग जुईनं पाणी दाबलं. मी पाणी दिलं. मग भात दाबला, तिला भात नको होता, तिला आईंचा 'मऊ मऊ' ऐकायचा होता. ती एकेक करून तपासत होती, सकाळच्याच क्रमानं, आणि प्रत्येक चौकोन पिवळा होत होता. मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

आता जुई बारा वर्षांची आहे. पुष्कळ शब्द दाबते, थोडे तोंडानंही म्हणते, आणि लोक मला विचारतात की तुमची मुलगी बोलायला कधी लागली. मी काहीतरी सांगते. खरं म्हणजे तेव्हा माझ्या मनात त्या दिवसाची यापुढची काही मिनिटं असतात.

ती शेवटच्या ओळीशी आली आणि तिनं बाबाचा फोटो दाबला. चौकोन पिवळा झाला. माझा आवाज आला, "बाबा."

ती थांबली. रिंग यायला हवी होती. तिचं अंग आधीच थोडं डुलायला लागलं होतं. रिंग आली नाही. तिनं परत दाबलं. "बाबा." तिनं वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं, कारण आवाज तिथला होता. मी तोंड मिटून बसले होते. तिनं परत फोटोकडे पाहिलं.

मग तिनं टेबलावरचा माझा हात धरला. ती आपणहून कुणाला हात लावायची नाही. माझी मूठ तिनं उघडली, पहिलं बोट सरळ केलं, केदारच्या फोटोवर नेलं आणि दाबलं. "बाबा." ती थांबली. तिला वाटलं असावं, तिच्या बोटानं लागत नाही, माझ्या बोटानं लागेल. नाही लागलं तसं तिनं ते बोट बाजूला केलं आणि त्याच्या शेजारचं घेतलं. दाबलं, थांबली. मग त्याच्या पुढचं. प्रत्येक बोटाला तिनं पुरेसा वेळ दिला. करंगळीशी आली, मग माझा दुसरा हात ओढून घेतला. मी दिला.

खोलीत दर थोड्या वेळानं माझाच आवाज 'बाबा' म्हणत होता.

माझी बोटं संपली तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्या आल्या, जुईच्या पलीकडच्या खुर्चीत बसल्या आणि आपला हात टेबलावर, तिच्यासमोर उघडा ठेवला.

जुईनं तो घेतला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली.